डॅफ्निया-सायक्लॉप्स बघायला निघालात? आधी या चुका टाळा

पावसाळा सरला की नाशिकमध्ये बीएस्सीची पोरं आणि घरी फिशटँक असलेली मंडळी डॅफ्निया-सायक्लॉप्स, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, बघायला बाटल्या घेऊन पाण्यावर निघतात, आणि घरी आल्यावर बहुतेकांचं एकच रडगाणं, "पाणी आणलं, बघितलं, काहीच नव्हतं राव." पाण्यात खरंच काही नाही, असं फार क्वचित होतं. एक तर जागा चुकलेली असते, नाहीतर घरी येईपर्यंत सगळे जीव मेलेले असतात.

जागेचं आधी बघू. गंगापूर धरणावर भरदुपारी जायचं, काठावरून मधल्या स्वच्छ पाण्यात जाळी फेकायची, हा हमखास फसायचा प्रकार. दिवसा मासे नजरेने शिकार करतात, म्हणून डॅफ्नियासारखे मोठे जीव उजेड असेपर्यंत खोल पाण्यात थांबतात आणि अंधार पडल्यावर वर येतात. शिवाय उघड्या पाण्यात जाती मोजक्याच. खरी गर्दी काठाच्या पाणवनस्पतींत असते, कायडोरिड कुळातले एक मिलिमीटरहूनही लहान गोल-गोल जीव तिथेच सापडतात. गोदावरीत जलपर्णीला तोटा नाही, तिचं एक रोप उचला आणि मुळं पांढऱ्या टबात खळखळून धुवा. पाणी निवळू द्या. तळाशी तपकिरी दाणे दिसतील, बी किंवा कचरा वाटेल, पण दोन मिनिटं नुसतं बघत बसा, त्यातले काही दाणे शिंपला किंचित उघडून चालायला लागतात. ते ऑस्ट्राकॉड. लोक टब ओतून देतात तो नेमका याच्या आधी.

मच्छरदाणीची जाळी चालत नाही, सायक्लॉप्सची पिल्लं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात, ती आरपार जातात. बोल्टिंग सिल्क, म्हणजे बारीक विणीचं गाळायचं कापड, घ्या. हिरव्या पाण्यात फार बारीक कापड लगेच चोंदतं, तिथे नुसते डॅफ्नियाच हवे असतील तर दीडशे मायक्रॉन छिद्रांचं पुरतं. आणि नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्यात जाळी घालू नका. चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या बदकं चोच पाण्यात धरून गोल फिरताना बघा, ती हेच जीव गाळून खातात.

बाटली गच्च भरून गाडीच्या डिकीत टाकली तर संपलंच. अर्धी भरा, सावलीत ठेवा. घरी पाणी कमी पडलं म्हणून नळाचं ओतू नका, क्लोरीनने काही वेळातच सगळे तळाला जातात. नमुना टिकवायचा असेल तर नुसत्या फॉर्मलीनमध्ये डॅफ्नियाचं कवच फुगतं आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी बाहेर पडतात, म्हणून त्यात साखर घालायची पद्धत आहे. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलीन नकोच, ९५ टक्के अल्कोहोल वापरा.

ओळखताना तर भले भले फसतात. कोपेपॉडची, म्हणजे सायक्लॉप्स ज्या गटातला त्या गटाची, पिल्लं आईबापासारखी अजिबात दिसत नाहीत, नॉप्लियसच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइटच्या पाच, तेव्हा कुठे प्रौढ. ओ. एफ. म्यूलरसारख्या नामांकित डॅनिश निसर्गअभ्यासकानेही १८व्या शतकात या पिल्लांना वेगळा प्राणी समजून नॉप्लियस नाव देऊन टाकलं होतं, तर आपली काय कथा. डॅफ्निया लुम्होल्ट्झी या जातीचंही तसंच, आसपास मासे असले की डोक्यावर लांब टोकदार शिरस्त्राण वाढतं, नसले की आखूड राहतं, आणि वहीत दोन जाती लिहिल्या जातात. मोबाईलच्या फोटोवरून जात विचारू नका, क्लॅडोसेराला (डॅफ्नियाचा गट) पोटामागचा नखवाला भाग आणि कॅलॅनॉइड (कोपेपॉडचाच दुसरा गट) नराला पाचवा पाय बघावाच लागतो. सायक्लॉप्स की कॅलॅनॉइड एवढंच हवं असेल तर सोपं आहे, दोन अंडपिशव्या आणि आखूड मिशा म्हणजे सायक्लॉप्स, एकच पिशवी आणि अंगाएवढ्या लांब मिशा म्हणजे कॅलॅनॉइड.

आता द्राक्षवाल्यांसाठी, कारण हे निफाड-दिंडोरीकडे सर्रास चालतं. शेततळं हिरवं झालं की मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. शेवाळ मरतं खरं, पण लिटरला मिलिग्रॅमच्या काही शतांश भागाएवढं तांबंही डॅफ्नियाला पुरतं, म्हणजे शेवाळ खाणारेच आधी जातात. मग शेवाळ परत येतं आणि ते खायला कोणी उरत नाही, की परत मोरचूद. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारल्यावर पंप शेततळ्यात धुणं हाही त्यातलाच प्रकार. मासे सोडले तरी मोठे डॅफ्निया आधी फस्त होतात, बारके उरतात, आणि बारक्यांच्याने तेवढं पाणी साफ होत नाही.

घरी वाढवणाऱ्यांनी डॅफ्निया मॅग्नाचा हट्ट सोडा, ती थंड मुलखातली, नाशिकच्या एप्रिलमध्ये झोपते. तिचीच छोटी नातलग मोइना घ्या. यीस्ट इतकंच घाला की पाणी एका दिवसात परत नितळ दिसेल. जीव लालसर दिसायला लागले तर खुश होऊ नका, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून ते हिमोग्लोबिन वाढवतायत. एअरस्टोनचे बारीक बुडबुडे कवचात अडकतात आणि ते वर तरंगून मरतात, नळीतून मोठे बुडबुडे सोडा.

बारवेच्या पाण्यात सायक्लॉप्स दिसला की आजी लोकांना नारू, म्हणजे पाण्यातून होणारा जंताचा रोग, आठवतो, साहजिक आहे. पण देशातला शेवटचा नारू रुग्ण १९९६ चा, २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स फक्त वाहक होता, आणि त्याच्यातल्या मेसोसायक्लॉप्सच्या काही जाती तर डासांच्या कोवळ्या अळ्या खातात.

राहिली पठारावरच्या कातळातली खळगी. सह्याद्रीच्या अशाच पठारांवरून २०१४ मध्ये स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस या फेअरी श्रिम्पची (पावसाळी डबक्यातला कोळंबीसारखा जीव) नवी जात नोंदली गेली. यांची अंडी वाळलेल्या मातीत उन्हाळा काढतात, त्यामुळे कोरड्या खळग्यात गाडी घालू नका, आणि डास होतील म्हणून भरलेल्या खळग्यात गप्पी मासे तर अजिबात सोडू नका. मे महिन्यात चमचाभर माती आणली असेल तर ती पावसाच्या पाण्यात भिजवा, दोन-तीन दिवस उजेडात ठेवा. पहिल्या खेपेला सगळी अंडी फुटत नाहीत, काही मुद्दाम मागे राहतात, म्हणून काही निघालं नाही तर माती फेकू नका, पूर्ण वाळवून परत भिजवा.