अमेरिकेची सुरुवातीची लोकशाही: वाद घालताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की हा विषय हटकून निघतो आणि पोरं त्याच त्या खड्ड्यांत पडतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मताचा हक्क पायरीपायरीनं वाढतच गेला असं धरून चालणं. आधी जमीनवाले, मग सगळे गोरे पुरुष, मग कृष्णवर्णीय, शेवटी बायका. एकदा एका मुलीनं ठणकावलं, "१९२० पर्यंत अमेरिकेत एकाही बाईनं मत दिलं नव्हतं." समोरच्यानं लगेच न्यू जर्सी राज्याचं उदाहरण काढलं. तिथल्या १७७६ च्या संविधानात ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मत होतं. बायका आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय खरोखर मतं देत. टाळ्या पडल्या. गडी चेकाळला, "म्हणजे तिथं सगळ्या बायकांना मत होतं!" इथंच त्याला धरायला हवं होतं. लग्न झालं की बाईची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याच्या हाती जाई. मत उरे ते विधवा आणि अविवाहितांना. पण ती मुलगी गप्प बसली. आणि १८०७ मध्ये बायका नि कृष्णवर्णीय दोघांचाही हा हक्क काढून घेतला, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

न्यूयॉर्क राज्याचं १८२१ चं संविधान बघा: गोऱ्यांची मालमत्तेची अट गेली, कृष्णवर्णीयांवर मात्र २५० डॉलरची बसली. एकाच कागदानं एकाला आत घेतलं, दुसऱ्याला बाहेर ढकललं. म्हणून 'अमेरिकेत मताधिकार होता' असं कुणी म्हटलं की मी आधी राज्य आणि साल विचारते. मताचा हक्क कुणाला द्यायचा हे देशाच्या १७८७ च्या संविधानानं राज्यांवरच सोडलं होतं. दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून आलेल्यांची इथंच दांडी उडते.

'गुलामाला तीन-पंचमांश मत होतं' असं कृपा करून म्हणू नका. त्याला मत नव्हतंच. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, ही मोजणी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना वाटायला होती आणि गुलाम पूर्ण मोजा, हा आग्रह गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा होता, कारण जागा त्यांच्याच वाढणार होत्या.

राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक, म्हणजे त्याला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, सगळीकडे जनताच निवडायची? दक्षिण कॅरोलायनात १८६० पर्यंत विधिमंडळ निवडायचं.

गुप्त मतदानही गृहीत धरू नका. व्हर्जिनियात मत तोंडी, चारचौघांत द्यायचं आणि उमेदवारानं मतदारांना दारू पाजायची रीत होती. १७७७ मध्ये जेम्स मॅडिसननं (हाच पुढं राष्ट्राध्यक्ष झाला) पाजायला नकार दिला आणि तो निवडणुकीत पडला.