पीएच.डी.चा मराठी लेख शोधात सापडत का नाही?

संभाजीनगर असो की नांदेड, मराठीचा किंवा इतिहासाचा नवा संशोधक पहिला लेख पाठवताना आधी विचारतो, ‘फी किती?’ त्याआधी फाइल तपासा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टात आहे. कागदावर तो झकास दिसेल, पण शोधयंत्राच्या लेखी त्यात एकही मराठी शब्द नाही.

कन्व्हर्टरने युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणारी प्रमाण पद्धत) करून घेता येतं, मात्र रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. हे काम डीटीपीवाल्यावर सोडू नका. त्याला पान नीट दिसलं की पुरे असतं.

युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक देऊन. ‘ॲ’चंही तसंच, एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. म्हणून एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचा शब्द निसटू शकतो. एकच पद्धत धरा आणि शेवटी ‘शोधा-बदला’ चालवून सगळा मजकूर एकसारखा करा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ उमटतो.

आपल्या मराठवाड्यात गावांच्या नावांचा घोळ वेगळाच. बीजशब्दांत (कीवर्ड्समध्ये) अंबाजोगाईसोबत मोमिनाबाद, धाराशिवसोबत उस्मानाबाद, संभाजीनगरसोबत औरंगाबाद द्या. जुन्या कागदांवर आणि ग्रंथालयांच्या सूचींत जुनीच नावं आहेत. संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या १९९४च्या नामविस्ताराआधीचा प्रबंध उद्धृत करताना नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ लिहा, कारण मुखपृष्ठावर तेच छापलेलं असतं. निजामकालीन दस्तऐवजांना फसली (निजाम राज्यातली कालगणना) आणि इसवी दोन्ही सनं द्या. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

स्वतःच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा. पवार कधी डब्ल्यूने, कधी व्हीने लिहिलं तर सूचीत दोन माणसं तयार होतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो, १६ अंकी असतो. तो पहिल्या लेखाआधीच काढा.

आता नियतकालिक. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ अशी जाहिरात अजूनही दिसली तर ती जुन्या पुण्याईवर चालली आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ८ अंकी ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तो अधिकृत पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. नामांकित नियतकालिकांच्या नकली वेबसाइट असतात. डीओआय, म्हणजे एकेका लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, १०ने सुरू होतो. मागच्या अंकातला एखादा डीओआय घेऊन डीओआयच्याच अधिकृत साइटवर टाका. उघडला नाही, तर तो नुसता छापलेला आकडा. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या मंडळाचा उल्लेख आहे का, हेही पाहा. चार दिवसांत ‘स्वीकृत’ असं पत्र आलं, तर लेख कुणी वाचलाच नाही असं समजा.

लेख छापून आल्यावर करारपत्र वाचा. परवानगी असेल तर झेनोडो या संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात प्रत ठेवा: एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा, डीओआय मोफत. पीडीएफसोबत युनिकोडची साधी मजकूर-फाइलही चढवा; पीडीएफमधून मजकूर काढताना ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा भलत्याच अक्षराला जाऊन बसते. नंतर फाइलमध्ये चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवा. तिला वेगळा डीओआय मिळतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी शीर्षक आणि नाव दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.