हॅकेथॉनच्या टीममधून नवी आयडिया कशी काढायची

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची, म्हणजे सरकारी खाती आणि कंपन्यांनी दिलेल्या प्रश्नांवर कॉलेजच्या टीम्सनी उपाय बनवायच्या स्पर्धेची, नोटीस लागली की कॉलेजात सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, 'एकत्र बसा, डोकं लढवा, आयडिया सुचेल'. नाही सुचत. दरवर्षी टीम्सबरोबर बसतो म्हणून सांगतो, सहा जण गोल करून बसले की दोघं बोलतात, एक मान डोलावतो आणि बाकीचे मोबाईलमध्ये असतात.

टीम. नियमाने सहा जण, एकाच कॉलेजचे, त्यात किमान एक मुलगी. तिला फक्त नियमासाठी घेऊन पीपीटी बनवायला बसवणार असाल तर पुढचं वाचूच नका. सगळे कॉम्प्युटरवाले नकोत, एखादा मेकॅनिकल किंवा सिव्हिलचा घ्याच.

प्रॉब्लेम स्टेटमेंट. स्पर्धेत दिलेल्या प्रश्नांपैकी ज्याचा त्रास रोज होणारा माणूस जवळपास भेटत असेल तोच निवडा आणि आधी त्या माणसाला भेटून या.

आयडिया. सगळे इथेच अडकतात, आम्हीही अडकायचो. पहिला अर्धा तास तोंड बंद ठेवायचं, बस्स! हे माझं खूळ नाही, १९५८ मध्येच येल विद्यापीठात चौघांचे गट करून पाहिलं होतं, एकत्र बोलून आयडिया काढणाऱ्या गटांपेक्षा वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या वेगळ्या आयडिया मिळून जवळपास दुप्पट भरल्या. कारण साधं आहे, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, तेवढ्यात सुचलेलं विसरतं, शिवाय टॉपर समोर असला की 'हे येडपट वाटेल' म्हणून निम्मं गिळलं जातं.

मग करायचं काय, तर ६-३-५. १९६८ मध्ये बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने मांडलेली पद्धत, आणि आपली टीमही नेमकी सहाचीच. प्रत्येकाला एक कोरा कागद, पाच मिनिटांत तीन आयडिया लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. त्याने आधीचं वाचून खाली आपल्या तीन लिहायच्या, शक्यतो आधीचीच पुढे न्यायची. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ आयडिया.

एका टीमचा विषय कांदाचाळीत, म्हणजे शेतकरी कांदा साठवतो त्या शेडमध्ये, सडणारा कांदा होता. पहिल्याने लिहिलं, 'चाळीत जागोजागी सड ओळखणारे सेन्सर'. दुसरीने खाली, 'शेतकऱ्याला इतके परवडणार नाहीत, एकच लावू'. तिसऱ्याने, 'एकच असेल तर ढिगाच्या आतली हवा नळीने ओढून त्याच्यापाशी आणू'. हा तिसरा मेकॅनिकलचा, मीटिंगमध्ये एक शब्द न बोलणारा पोरगा, आणि शेवटी टीमने तीच आयडिया घेतली. गप्प पोरांकडे काही नसतं हे डोक्यातून काढून टाका.

तीन गोष्टी कडक पाळा. कागदावर नाव नाही. मधे हसायचं नाही, 'हे आधीच झालंय' असंही म्हणायचं नाही, कारण एकदा कुणी हसलं की पुढच्या फेऱ्यांत सगळे सेफ लिहितात, चॅटबॉट नाहीतर ॲप. आणि हे व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका, तिथे पहिला मेसेज आला की सगळे त्याच्याच मागे जातात. चौथ्या फेरीला 'आता सुचत नाही' अशी कुरकुर होणारच, थांबू नका, घिसंपिटं सगळं तोवर संपलेलं असतं आणि खरं नवीन तिथून पुढे यायला लागतं.

निवड. आता बोला, भांडा सुद्धा. फक्त भांडण कागदावरच्या आयडियेशी, माणसाशी नाही. प्रत्येकाला तीन टिकमार्क, लीडरने सगळ्यात शेवटी मारायचे, नाहीतर बाकीचे त्याच्याकडे बघून मारतात.

कामाची वाटणी. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. 'आपण सगळे बघू' म्हणजे कुणीच बघत नाही. सॉफ्टवेअरची फायनल सलग ३६ तास चालते, तेव्हा झोपेच्या पाळ्याही आधीच ठरवा.

प्रेझेंटेशन. ज्याची आयडिया त्यानेच सांगायची, इंग्रजी कच्चं असलं तरी.

आणि ते सहा कागद फेकू नका, फोटो काढून ठेवा. 'दुसरे पर्याय पाहिले होते का?' हा प्रश्न जज विचारतातच, तेव्हा काय काय सोडलं आणि का, हे त्यावरून दाखवता येतं.