गिटार घूं घूं करतेय? आधी ॲम्पचा प्लग बघा
सोलापूरच्या साखर पेठेत माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. गिटारचा आवाज कुठला अन् मागाचा कुठला, हे कळायलाच मला वर्ष गेलं.

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा. आधी त्याच्या प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, बघा. गड्डा यात्रेतल्या एका मांडवात ती चक्क तोडलेली सापडली, काय बोलणार बे! गिटारच्या तारांना हात लावताच मुंग्या आल्या तर बटण बंद, वायरमनला बोलवा.

ॲम्पमधली केबल काढूनही घुमतंय? मग गिटार निर्दोष. केबल बदलून बघितली, तरी घुमतंय? तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर अर्थची वायर शाबूत. मग घुमणं कमी करायला गिटारच्या आतल्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा. काहीच फरक नाही? मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजवर (तारा खाली जिथे टेकतात ती पट्टी), दुसरं जॅकच्या (केबल खोचायचं भोक) बाहेरच्या पत्र्यावर ठेवा. शून्याच्या जवळ ओहम दिसायला हवेत. माझ्याकडे व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचं सोल्डर सुटलं होतं. पाठ घासली, चांगली तापवली, मगच ते धरलं.

सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा, एकाच वेटोळ्याचा आवाज टिपणारा भाग) असेल तर जागेवर गोल फिरा. घुमणं कमीजास्त होईल. ते ५० हर्ट्‌झ विजेचं, अर्थिंगने जात नाही. त्यासाठीच तर १९५५ च्या सुमारास सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत हमबकर, म्हणजे घुमणं मारणारा दोन कॉइलचा पिकअप, बनवला.