रक्तगटाची बटणं: गुणसूत्रं घरच्या घरी कशी समजून घ्यायची

‘बाबा ए, आई बी, मग बाळ ओ कसं?’ परळला एका रक्तपेढीत मी 31 वर्षं टेक्निशियन होते, आणि हा प्रश्न विचारताना माणसांचा आवाज खाली यायचा. त्या खालच्या आवाजात कुठला संशय आहे ते मला कळायचं. म्हणून आता आमच्या चाळीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना मी गुणसूत्रं शिकवते ती याच प्रश्नापासून, आणि शिकवते बटणांनी.

दादरला शिंप्यांचं सामान मिळतं तिथून निळी, पिवळी आणि पांढरी बटणं आणा, डझन-डझनभर, सगळी एकाच मापाची. सुरुवातीला मी राजमा, वाटाणे आणि चवळी घ्यायचे, पण डोळे मिटून काढतानाही मुलं बोटांनीच राजमा ओळखायची आणि हिशेब बिघडायचा. निळं म्हणजे ए, पिवळं बी, पांढरं ओ. निळा-पिवळा मी मनाने ठरवलेला नाही. तपासणीचं अँटी-ए सीरम, म्हणजे रक्तातला ए ओळखणारा द्रव, निळं असतं, बी ओळखणारं अँटी-बी पिवळं. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, एकात निळं सीरम, दुसऱ्यात पिवळं, काडीने कालवायचं आणि टाइल हळूहळू डोलवायची. रक्त ए गटाचं असेल तर निळ्या बाजूला ते दूध नासावं तसं बघता बघता फुटतं, विटकरी रव्यासारखे दाणे दिसतात. पिवळ्या बाजूला मात्र तसंच गुळगुळीत राहतं. ओ गटात दोन्हीकडे गुळगुळीत.

आता दोरे, म्हणजे आपली गुणसूत्रं. आपल्या पेशीच्या केंद्रकात 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. ए-बी-ओ गटाचं जनुक, म्हणजे गट ठरवणारा गुणसूत्राचा छोटासा भाग, नवव्या जोडीवर, टोकाच्या जवळ असतं. तेच आपलं बटण. वीतभर लांबीचे चार दोरे कापा, प्रत्येकाच्या टोकाशी एकेक बटण बांधा. दोन दोरे बाबांच्या पिशवीत, दोन आईच्या. दोऱ्यावर बाकी शेकडो जनुकं आहेत, आपण त्यातलं एकच दाखवतोय, हे मुलांना आवर्जून सांगा.

बाबांच्या पिशवीत निळं आणि पांढरं असेल तर त्यांचा गट ए. पांढरं कुठे गेलं नाही, ते फक्त दिसत नाही. ए आणि बी ही जनुकं तांबड्या पेशीवरच्या साखळीला आपापली साखर जोडतात. ओ काहीच जोडत नाही, म्हणून तो अप्रभावी. निळं-पिवळं एकत्र आलं तर दोन्ही साखरा लागतात आणि गट एबी होतो. ए गटाच्या माणसाकडे निळं-निळं आहे की निळं-पांढरं, हे टाइलवर कधीच कळत नाही. ते वडीलधाऱ्यांकडे विचारावं लागतं.

आमच्या मजल्यावर असंच झालं होतं. मुलगा ए, सून बी, बाळ ओ, आणि सासूबाई रिपोर्टचा कागद घेऊन माझ्या दारात. मी बटणं काढण्याआधी त्यांना त्यांचा स्वतःचा गट विचारला. माहीत नव्हता. घरी जाऊन ऑपरेशनची जुनी फाइल उघडली तर त्यावर ओ पॉझिटिव्ह. म्हणजे मुलाला त्यांच्याकडून पांढरं बटणच मिळालं होतं, त्यांच्याकडे द्यायला दुसरं नव्हतंच. सुनेच्या माहेरी फोन केला, तिचे वडील ओ. झालं. त्या बराच वेळ ते पांढरं बटण हातात धरून बसल्या. मग आत जाऊन सुनेला चहा करून दिला.

कागदावर झाड काढताना म्हणूनच आजी-आजोबांपासून सुरुवात करा. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. गट रिपोर्ट बघूनच लिहा, आठवणीने नको.

मग सोडत. डोळे मिटून प्रत्येक पिशवीतून एक दोरा काढा. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना नेमकं हेच होतं, जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. निळं-पांढरं आणि पिवळं-पांढरं अशा आईबापांची एबी, ए, बी, ओ अशी चारही प्रकारची मुलं होऊ शकतात, प्रत्येकाची शक्यता चारात एक. निकाल लिहून घ्या आणि दोरे परत पिशवीत टाका. हे परत टाकणं कधीच विसरू नका. ‘तीन झाली, आता चौथं ओच’ असं नसतं, प्रत्येक बाळाची सोडत नव्याने निघते. चाळीस वेळा काढून बघा, बरोबर दहा-दहा क्वचितच येतात. थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे या रक्ताच्या आजाराचं एकेक सदोष जनुक बाळगणाऱ्या नवराबायकोलाही मी हेच सांगायचे: पहिलं मूल निरोगी म्हणून दुसऱ्या वेळी मुलाला गंभीर आजार होण्याचा धोका कमी होत नाही, प्रत्येक गरोदरपणात तो 25 टक्केच.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी वेगळे दोरे लागतात, कारण आरएचचं जनुक पहिल्या जोडीवर आहे. नववीतून काय निघालं याचा पहिलीशी संबंध नाही. अशा 23 जोड्यांतून एकेक निवडायचं म्हणजे एकाच माणसाच्या बाजूने 83,88,608 प्रकार होतात, तेही जोडीतले दोरे आपसात तुकडे बदलतात ते न धरता.

क्वचित कधी बटणांचा हिशेब जुळत नाही. एबी गटाच्या आईचं मूल ओ दाखवतं. अशा वेळी आधी नमुना पुन्हा तपासा, नावाच्या चिठ्ठीची अदलाबदल मी स्वतः पाहिली आहे. तरीही ओच आलं तर आपल्याच शहराचं नाव लागलेला बॉम्बे गट आठवा. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली तो जगापुढे आणला. ए किंवा बीची साखर जोडायला आधी एच नावाचा पाया लागतो आणि त्याचं जनुक एकोणिसाव्या जोडीवर असतं. तिथे दोन्ही प्रती निकामी असतील तर पाया बनतच नाही. बटण आहे, काजच नाही. टाइलवर माणूस ओ दिसतो, पण त्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात, ओ गटाच्या पेशी घातल्या तर दाणे होतात. अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं, त्याला बॉम्बे गटाचंच लागतं. त्यामुळे पुन्हा तपासणी करताना फक्त पेशींची नको, सीरमचीही करा, असं रक्तपेढीत स्पष्ट सांगा. आणि मूल कुणाचं हे रक्तगटावरून ठरवू नका. तेवढीच गरज पडली तर त्यासाठी डीएनए तपासणी आहे.