स्कॉटलंडमधील नॉर्स वसाहत वर्गात कशी शिकवावी

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसमोर अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेल्या नावाचे छायाचित्र ठेवून पाठाला सुरुवात करावी. तिथून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरील मेसहोव या नवाश्मयुगीन दफनगृहाकडे वळावे, जिथे बाराव्या शतकात आत शिरलेल्या नॉर्स (मूळच्या स्कँडिनेव्हियातील) लोकांनी भिंतींवर रून या आपल्या जुन्या लिपीत सुमारे ३० लेख कोरले: कुणी स्वतःचे नाव, कुणी दडवलेल्या खजिन्याची वार्ता, तर कुणी इंगिगर्थ नावाच्या स्त्रीच्या सौंदर्याची स्तुती. या लेखांना भरपूर वेळ द्यावा, कारण त्या माणसांचा आवाज इथे थेट ऐकू येतो. लढाया थोडक्यात आटोपल्या तरी चालतील. मग नकाशात नॉर्वेशी झालेल्या १२६६ च्या पर्थ तहाने स्कॉटलंडकडे आलेली हेब्रिडीज बेटे रंगवून घ्यावीत. ऑर्कनी आणि शेटलंडला मात्र वेगळा रंग द्यावा. ही बेटे १४६८-६९ मध्ये स्कॉटलंडच्या राजाशी लग्न ठरलेल्या डेन्मार्कच्या राजकन्या मार्गारेटच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण पडली आणि पुढे कधीच सोडवली गेली नाहीत.