नुसतं "दुखतंय" म्हणू नका, कसं दुखतंय ते आधी ओळखा

डॉक्टरने विचारलं काय होतंय की आपण "दुखतंय" एवढंच सांगतो, आणि मराठीत दुखण्याला शब्द किती आहेत बघा, ठणका, कळ, चमक, सणक, रग, ठसठस, जळजळ, मुंग्या. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत हो. रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पेशंट दुखणं सांगताना जे शब्द वापरतात ते घेऊन १९७५ मधे ७८ शब्दांची प्रश्नावली बनवली होती, कारण शब्दावरून दुखण्याची जात कळायला मदत होते.

म्हणून आधी शब्द शोधा. रग लागल्यासारखं, अवघडल्यासारखं वाटतंय आणि हालचालीने कमीजास्त होतंय तर बहुतेक स्नायू किंवा सांधा. जागा लाल, गरम, सुजलेली आणि ठणकतीये तर तिथे सूज किंवा इन्फेक्शन असू शकतं. जळजळ, मुंग्या, करंट लागल्यासारखी सणक कमरेतून पार पायापर्यंत जातीये तर नसेचं दुखणं असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर साध्या पेनकिलर फारशा चालत नाहीत, त्याची औषधं वेगळी असतात, तेव्हा गोळ्या बदलत बसू नका, डॉक्टरला गाठा. पोटात कळ येते, जाते, परत येते, ते आतड्याचं किंवा मुतखड्याचं असू शकतं.

आता दुखणं पोचतं कसं ते बघू. पायाची करंगळी ठेचली की आधी चमक येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, कारण एक निरोप जलद नसांनी जातो आणि दुसरा हळू नसांनी. आणि आपण न शिकवताच तिथे चोळतो ना, ते बरोबरच असतं, स्पर्शाचा निरोप मणक्यात दुखण्याच्या निरोपाला अडवतो, मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मधे हेच मांडलं, गेट कंट्रोल थिअरी म्हणून. शेवटी किती दुखायचं ते मेंदू ठरवतो. झोप झाली नाही, काळजी लागलीये, की तेच दुखणं जास्त जाणवतं. ते मनाचे खेळ नाहीत, दुखणं खरंच असतं. उलट काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमधे मणक्यामधली गादी सरकलेली दिसते, म्हणून नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका.

लचक किंवा मुका मार असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. आखडलेल्या स्नायूला शेक बरा. बधिर झालेल्या जागेवर दोन्ही नको, भाजलेलं कळत नाही.

गोळ्यांचं नीट वाचा प्लीज. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासात जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि लिव्हरचा त्रास, कमी वजन किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरला विचारून. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधे पण पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं, हे लोक हमखास विसरतात. आयबुप्रोफेन पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतं, अल्सर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने घेऊच नका. आणि डोकेदुखीसाठी महिन्यातले १५ दिवस गोळी लागत असेल तर कदाचित गोळीच डोकं दुखवतीये.

छातीत दाब येऊन हात किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, आयुष्यात कधी नव्हती अशी अचानक आलेली डोकेदुखी, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं किंवा पायातली ताकद जाणं, यात घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

राहिलं जुनं दुखणं, ३ महिन्यांच्या वर गेलेलं. माझी कंबर धरली तेव्हा मी हलले तर अजून बिघडेल म्हणून जवळजवळ तीन आठवडे पडून राहिले आणि तीच माझी चूक झाली, स्नायू ढिले पडले, भीती वाढली आणि मग उठून पाणी घ्यायला पण दुखायला लागलं. नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं की किती मिनिटं चालल्यावर दुखणं वाढतं ते मोज आणि त्याच्या आधीच थांब. माझं १० मिनिटांना वाढायचं, म्हणून ७ मिनिटं चालायचे, बरं वाटत असेल त्या दिवशी पण ७ च, कारण बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं पडायचं यातच आपण अडकतो. चार-पाच दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. मधेच एखाद्या दिवशी जास्त दुखलं तर बंद नाही करायचं, आदल्या आकड्यावर यायचं आणि दोन दिवसांनी परत चढवायचं.